गिऱ्हाईकासाठी राखलेलं पाणी

आमच्या इमारतीत घर विकायला काढलं की आधी सहदेवकाकांना सांगायचं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. गिऱ्हाईक कधी येणार हे कळलं की ते ग्रुपवर एक ओळ टाकतात : 'रविवारी अकरा ते बारा, चौथा मजला, कृतिका.' तेवढं पुरतं. त्या तासात प्रत्येक घरातला कॉक बंद होतो. गच्चीवरच्या टाकीत असेल नसेल ते पाणी एकाच घराच्या नळाला येतं. गिऱ्हाईक नळ सोडून बघतं, मान डोलावतं आणि पुढे बाल्कनी बघायला जातं.

हा ठराव कुठल्या सभेत झालेला नाही. प्रत्येकाला कधी ना कधी इथून जायचंय, एवढंच. आम्ही हे घर घेतलं तेव्हाही असंच झालं असणार. तेव्हा बाबांनी नळाखाली तळहात धरून मला हाक मारली होती, "इकडे ये, जोर बघ!" पाणी उडून त्यांचा चष्मा भिजला होता. राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी सहदेवकाका दारात आले आणि म्हणाले, "जोशी, उद्या दहा ते अकरा तुमचा कॉक बंद ठेवा." बाबांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग ते इतके हसले की काकांना आत बोलावून चहा पाजावा लागला.

इमारत डोंबिवलीच्या बाहेरच्या अंगाला आहे. चार मजले, लिफ्ट नाही. समोर भाताचं शेत होतं तिथे आता टॉवर उभे राहतायत, आणि त्यांच्या जाहिरातीच्या फलकावर कारंजं आहे. पाइपलाइन आली तेव्हा या भागात मोजक्या इमारती होत्या. लाइन तीच राहिली, माणसं वाढली. फाटकाजवळच्या एका नळाला सकाळी थोडा वेळ पाणी येतं, ते प्यायचं. बाकी सगळं टँकरचं. बोअरवेल आहे, पण मार्चनंतर ती नुसती घरघरते. गच्चीवरचं पावसाचं पाणी त्या बोअरवेलमध्ये सोडावं असं बाबा प्रत्येक सभेत म्हणायचे. लोक ऐकून घ्यायचे. ज्या घरातून निघायचंय त्याच्या जमिनीखाली पाणी साठवायला कोणाला उत्साह नव्हता.

फेब्रुवारीत बाबा गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात. हातात दोन कॅन होते. एक सांडला, एक सांडला नाही. मी तेव्हा ठाण्याला, वाचनालयात कामावर होते. मी घरी पोचेपर्यंत चित्राकाकूंनी जिना पुसून काढला होता आणि न सांडलेला कॅन आमच्या ओट्यावर आणून ठेवला होता. ते पाणी मी बरेच दिवस तसंच राहू दिलं. मग कुंड्यांना घातलं.

त्यानंतर मला इथून निघायचं होतं. टेंभी नाक्याजवळ एक खोली बघून ठेवली होती, वाचनालयापासून चालत जाण्यासारखी, नळाला दोन्ही वेळा पाणी. पण घराचा हप्ता आणि खोलीचं भाडं दोन्ही माझ्या पगारात बसत नव्हतं. घर विकलं गेलं तरच ती खोली. मालकीण म्हणाली, सोमवारपर्यंत थांबते, मग दुसऱ्या कोणाला देईन.

रविवारी सकाळी सहदेवकाका वर आले. धापा टाकत उंबऱ्यातच थांबले.

"टँकर परवापासून आलेला नाही. ड्रायव्हर म्हणतो, संध्याकाळी येतो. टाकीत हातभर पाणी आहे. सगळ्यांनी सकाळपासून कॉक बंद ठेवलेत. ते पाणी तुझं."

"काका, पण एवढं..."

"एवढं बिवढं काही नाही. तुझे वडील आमच्यासाठी कितीदा कोरडे बसले. फक्त एक कर, नळ सोड, दाखव, बंद कर. मध्येच चहाबिहा करत बसू नकोस."

जिन्याच्या कठड्यावरून खालून चित्राकाकूंचा आवाज आला, "आणि पटव गं लवकर! माझा कुकर अजून ओट्यावर बसून आहे, नवरा त्याच्याकडे बघत बसलाय."

अकरा वाजून गेल्यावर ते आले. सूरज, तिशीतला, आणि त्याची आई, रंगूबाई. शहाडला नदीच्या जवळ एका चाळीत राहतात. त्याची बायको कामावर गेली होती. चार मजले चढून रंगूबाईंना घाम आला होता, पण त्यांनी बसायला नको म्हटलं. त्या आधी दाराकडे वळल्या. दार लावून घेतलं. कडी घातली. काढली. पुन्हा घातली.

"हे दार आपल्या एकट्याचं?"

"हो."

"म्हणजे यातून दुसरं कुणी ये-जा करणार नाही."

सूरज हसला. "आई, फ्लॅट आहे हा. आमच्याकडे ना ताई, मधल्या खोलीतून शेजारी जातात संडासला. तिला घराचं काही नाही, दाराचंच पडलंय."

"तुला काय कळतंय. साडी बदलायची तर मी मोरीत उभी राहते, तुझ्या बापाच्या काळापासून."

त्यांनी कडी तिसऱ्यांदा घातली आणि मगच स्वयंपाकघरात आल्या. मी नळ सोडला. खरंच जोर होता. ओट्यावर शिंतोडे उडाले. मी लगेच बंद करायला हात पुढे केला, तोवर रंगूबाईंनी पदर खोचून दोन्ही हात पाण्याखाली धरले होते. त्यांनी तोंड धुतलं. मानेवर पाणी घेतलं. कोपरापर्यंत हात धुतले.

"बरं वाटलं बाई."

"आई, चल, हॉल बघू," सूरज म्हणाला.

"थांब की. न्हाणीचा उतार बघितल्याशिवाय घर घेतात का? पाणी तुंबलं तर तू येणारेस उपसायला?"

ओट्याचा नळ सोडलेलाच ठेवून त्या न्हाणीघरात गेल्या. तिथला नळ सोडून बादली भरली आणि कोपऱ्यात ओतली. पाणी जाळीकडे कसं वाहतं ते वाकून बघितलं. दुसरी बादली दुसऱ्या कोपऱ्यात. मग संडासात दोन. मी मागे जाऊन ओट्याचा नळ बंद केला, तर त्या परत आल्या आणि सिंकचं पाणी किती लवकर ओसरतं हे बघायला त्यांनी तो पुन्हा सोडला. अनुभवी बाई होत्या. त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

बाहेरच्या भिंतीवरून सांडपाण्याचा पाइप खाली जातो, प्रत्येक घराच्या खिडकीशेजारून. त्यात पाणी पडत होतं आणि सगळी इमारत ते ऐकत होती. माझा फोन वाजला. चित्राकाकू : 'धबधबा आहे का?' मग काका : 'कृतिका, आवर.' मग तळमजल्यावरच्यांनी नुसते हात जोडले होते. मला ओरडता येत नव्हतं. पाणी जपून वापरा, असं म्हणाले असते तर सौदा तिथेच मोडला असता. गप्प बसले तर खाली कोणाचा कुकर, कोणाच्या तान्ह्या मुलाचे कपडे, कोणाची औषधाची गोळी गिळायची राहिलेली. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि चेहरा शक्य तितका घरमालकिणीसारखा ठेवला.

रंगूबाईंनी आणखी एक बादली नळाखाली ठेवली. धार आता बोटाएवढी झाली होती. त्यांनी ती पाहिली की नाही, मला माहीत नाही. मी काही ठरवलं नव्हतं. माझाच हात पुढे गेला आणि त्याने नळ बंद केला. घट्ट, शेवटचा पीळ देऊन, इथे सगळे करतात तसा.

रंगूबाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"रोज नाही येत ना असं?"

"नाही."

सूरजने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं : वापरायचं टँकरचं, तेही येईल तेव्हा. प्यायचं सकाळी फाटकाजवळच्या नळावर.

"आणि वर कोण आणतं?" रंगूबाईंनी विचारलं.

"बाबा आणायचे."

त्यांनी हॉलमधल्या फोटोकडे पाहिलं. हार अजून नवा दिसत होता.

मला वाटलं, आता ते निघतील. सूरजने खिडकीतून टॉवरकडे बघितलं, मनाशी काहीतरी मांडलं आणि खांदे उडवले.

"त्यात काय एवढं, ताई. कल्याण घ्या, बदलापूर घ्या, सगळीकडे तेच आहे. आणि आमची आई असते ना घरी दिवसभर."

रंगूबाईंनी मान हलवली. नाराजीने नाही. त्यांना ते पटलंच होतं. "दोन खेपा काय, मी चार करीन. तिथे रांगेत भांडून भरते, इथे निवांत भरीन. दार तर आपलं आहे."

बाबाही असंच म्हणाले होते. मी टँकरवाल्याशी बोलते, कोणीतरी माणूस लावू वर पाणी आणायला, असं मी म्हटलं तेव्हा. "माणूस कशाला? मी असतो ना दिवसभर घरी. तेवढाच व्यायाम." ते खोटं बोलत नव्हते. मीही ऐकलं, डबा भरला आणि स्टेशनची रिक्षा पकडली.

"उद्या सकाळी फोन करतो," सूरज म्हणाला. "पण तुम्ही धरूनच चला."

ते खाली पोचल्यावर इमारतीतले कॉक उघडले. नळांतून फुसफुस हवा आली आणि थांबली. मिनिटभराने चित्राकाकू वर हजर.

"काय गं, आंघोळ घातलीस की काय गिऱ्हाइकाला?"

मागून सहदेवकाका. "ते राहू दे. पटलं का?"

"पटलं. पण पाण्याचं त्यांना कळलं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"आणि तरी पटलं?" काका खुर्चीत बसले. "मग आपण इतकी वर्षं कॉक कशाला बंद करतोय?"

काकू खळखळून हसल्या. मग त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "सुटलीस बाई. एक दिवस कोरडा गेला तर गेला. वडा-पाव मागवते सगळ्यांना." एकाही माणसाने पाण्यावरून मला बोल लावला नाही. टँकर संध्याकाळीही आला नाही, तरी जिन्यात भेटेल तो माझं अभिनंदन करत होता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी सकाळी मी कॅन घेऊन खाली गेले. बाबा गेल्यापासून मी रोज जाते. कामाला जायच्या कपड्यांत, पर्स खांद्यावर, रांगेत कोणाशी न बोलता. माझ्यापुढे चित्राकाकू होत्या, गुडघ्याला पट्टा. त्यांच्यापुढे सहदेवकाका, भाजीच्या पिशवीची चाकं त्यांनी कॅनला लावून घेतली होती. जिन्यात ती चाकं काय कामाची, कोण जाणे. त्यांच्यापुढे तळमजल्यावरचे आजोबा, ते पहिल्या मजल्यावरच्या सुनेसाठीही भरतात. आणखी पुढे दोघीतिघी, सगळ्या त्याच वयाच्या. त्यांची मुलं बॅगा लावून शेजारून रिक्षाकडे जात होती. एक जण म्हणाला, "आई, सावकाश हं!" तो थांबला नाही. थांबला असता तर त्याला उशीर झाला असता, हेही खरं होतं.

रांगेत मी एकटी अशी होते जी दिवसभर घरी नसते.

फोन वाजला. सूरज.

"ताई, आमचं नक्की. बँकेतल्या माणसाशी बोललोय. टोकन आजच देतो."

नळाखाली आजोबांचा कॅन होता. धार बारीक होती. मी म्हटलं, "सूरज, पाणी तुम्ही भराल का? सकाळी, कामाला जायच्या आधी?"

"भरू की! त्यात काय!"

तो इतक्या चटकन म्हणाला की मला त्याच्यामागची सगळी सकाळ दिसली. डबा, लोकल, उशीर, आणि कोपऱ्यातून आपणहून कॅन उचलणारी बाई.

"नाही," मी म्हणाले. "घर नाही द्यायचं मला."

"म्हणजे? भाव वाढवायचाय का? सरळ सांगा ना, ताई. काल तर..."

"भावाचं नाही."

पलीकडे कुजबुज झाली. मग रंगूबाईंचा आवाज आला, फोनच्या फार जवळून.

"पोरी, काय झालं? पाण्याचं म्हणत होतीस का? मी काय साखरेची नाही. कालच सांगितलं ना तुला."

"चार मजले आहेत, मावशी."

"मोजलेत मी. तू कोण माझे मजले मोजणारी? मला ते घर आवडलंय. दार आवडलंय. पाणी मी भरीन!"

"तेच तर," मी म्हणाले. "तुम्ही भराल."

त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाचं दुःख आहे ते. माझ्या घरावर कशाला काढतेस?" आणि फोन बंद झाला.

चित्राकाकू वळून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काल मागवलेल्या वडा-पावाचं, सबंध इमारतीच्या कोरड्या दिवसाचं त्या काय म्हणतील याची मी वाट पाहिली. त्या वाकून गुडघ्याचा पट्टा सारखा करू लागल्या. टेंभी नाक्याच्या मालकिणीला कळवायला हवं होतं, पण माझे दोन्ही हात आता कॅनवर होते. आजोबांनी झाकण लावलं. रांग एका माणसाने पुढे सरकली, आणि काकूंनी मला पुढे यायला जागा केली.