माझ्या पोटातली बाटली

मी एक जुना माठ आहे. बदलापूरच्या बाजारातून देऊने मला खांद्यावर घेऊन बारवी धरणाकडच्या आपल्या डोंगरवाडीत आणले, त्याला सात वर्षे झाली. वाडीत वीज असून नसल्यासारखी, त्यामुळे माझ्या गार पाण्याचे कौतुक फार. मीही तेवढ्यावर फुगून जायचो.

गेल्या उन्हाळ्यात देऊची दहा वर्षांची लेक जिजा सारखी माझ्याकडे येऊ लागली. तांब्यावर तांब्या रिचवायची आणि घटकाभरात पुन्हा हजर.

"काय गो, आता तर प्यायलीस!" तिची आई राजाबाई म्हणायची.

जिजा लघवीला सारखी पळायची. भाकरी दुप्पट खायची, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळली. सगळे म्हणाले, उन्हाळा आहे. आणि मी मूर्ख, मला वाटले, पोरीला माझेच पाणी आवडते. मित्रांनो, त्या गर्वाची मला आजही लाज वाटते.

एका सकाळी जिजा ओकू लागली, धापा टाकू लागली, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. तिला झोळीत घालून बाहेर नेताना झोळीचा बांबू मला लागला नि माझ्या पोटाला चीर गेली. कोणी वळून पाहिले नाही. पाहायची ती वेळही नव्हती.

उल्हासनगरच्या दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा कळले की जिजाला मधुमेह आहे. आठ दिवसांनी ती घरी आली. वाडीची आरोग्याचं काम बघणारी आशा सेविका प्रतिभाताई सगळ्यांना समजावत होती, "गोड खाऊन झालेलं नाही हे. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून साखर रक्तात साचते. रोज सुई घ्यायची. बरं वाटलं तरी घ्यायची, जन्मभर."

राजाबाईने पदर तोंडाला लावला. मी गळका, परसात खुराड्याशेजारी पडून ऐकत होतो.

इन्सुलिनची बाटली गार ठेवायची होती. देऊने ती रस्त्यावरच्या दुकानात, कुल्फीच्या पेटीत बर्फाला खेटून ठेवली. सुईच्या वेळेला तो धावत जाऊन ती आणायचा. बाटलीतले औषध गोठले होते, पण वितळल्यावर पाण्यासारखे स्वच्छ दिसायचे. सुई वेळेवर टोचली जात होती, औषधातला जीव मात्र गेला होता. तिसऱ्या दिवशी जिजा पुन्हा ओकू लागली. प्रतिभाताईने साखर तपासली आणि लगेच तिला दवाखान्यात हलवले, म्हणून ती वाचली.

"बर्फात ठेवलेलं औषध खराब कसं होईल, ताई?" परत आल्यावर देऊने विचारले.

"गार ठेवायचं, दादा. गोठवायचं नाही."

"माझ्याच हातानं पोरीला मारत होतो," एवढेच देऊ म्हणत राहिला.

प्रतिभाताईने परसात नजर टाकली आणि मला उचलले. घमेल्यात ओली वाळू, वाळूत मी, माझ्या पोटात कोरडी डबी आणि डबीत जिजाची नवी बाटली. तोंडावर ओले फडके. आता माझ्याकडे पाणी प्यायला कोणी येत नाही. पण कामावर जाण्याआधी देऊ रोज वाळूत हात घालून ओल पाहतो. जिजा ओठ मिटून स्वतःची सुई स्वतः टोचून घेते. राजाबाईला अजून ते बघवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मी मातीचा, एक दिवस फुटणारच. तेव्हा माझी खापरे मागाहून वेचा. आधी बाटली बघा.