वरणाची बादली

निःस्वार्थी माणूस भातकुलीत एकच झाला, तो म्हणजे सूर्यभान. लग्न कुणाचंही असो, हा वरणाची बादली घेऊन शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहायचा. स्वतः कधी बसला नाही. गावाने त्याला शाल-नारळ दिलं. खरी गोष्ट एवढीच, की सूर्यभानच्या घशाखाली पोळी उतरत नव्हती. घासाघासाला पाणी लागायचं. सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि याच्यापायी अख्खी पंगत खोळंबायची. त्यापेक्षा बादली बरी.

राजापेठेत भाजी विकायला गेला की तो डॉक्टरला दाखवून यायचा. पहिल्याने ॲसिडिटी सांगितली; पुढच्यांनी पहिल्याचा मान राखला. थंड दूध प्या म्हणाले. लेक प्रणाली पाळण्यात होती तेव्हापासून तिचं लग्न ठरेपर्यंत मैनाबाईने नवऱ्याचा दुधाचा पेला चुकवला नाही.

साखरपुडा अकोल्याला, जुन्या शहरात झाला. व्याह्यांनी आग्रहाने वाढलेली पुरणपोळी सूर्यभानच्या छातीतच मुक्कामाला थांबली. थुंकीही गिळवेना. दवाखान्यात दुर्बीण घालून घास काढला, अन्ननळीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला.

ॲसिडिटी नव्हतीच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ही अन्नाची ॲलर्जी. नळी सुजून सुजून आतून आवळली. वेळेवर कळतं तर औषधावर भागलं असतं. आता आत फुगा घालून ती ताणायची, पुन्हा आवळली की पुन्हा ताणायची. आणि दूध आधी बंद. पुष्कळांना तेच बाधतं.

मैनाबाई पदराचं टोक पिळत राहिली.

“म्हंजे मीच पाजून राहिली होती का?”

“तू चांगल्यासाठीच पाजे ना,” सूर्यभान म्हणाला. “साय बी काढत नव्हती.”

लग्नाआधी एकदा फुगा घालून झाला. सूर्यभानला एवढंच हवं होतं: पोरीच्या लग्नात तरी पंगतीत बसून जेवायचं.

तो बसला. व्याह्यांनी रिवाजाप्रमाणे पोळीचा घास भरवला, टाळ्या झाल्या. सूर्यभान चावत राहिला. व्याह्यांचं ताट संपलं, पंगतीचं संपलं. कुणी उठेना, सगळे अदबीने वधूपित्याच्या तोंडाकडे पाहत बसले.

प्रणाली शालू सावरत वाकली. “बाबा, उतरते का खाली?”

त्याने घास गुपचूप रुमालात घेतला, रुमाल खिशात घातला आणि ताटाला नमस्कार करून उठला.

“तेवढी वरणाची बादली दे वं माय इकडे.”