न बोलावता वाजलेली हलगी

मी एक जुनी हलगी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायची तर गोड आवाजात सुरुवात करावी, असा रिवाज आहे. मला ते जमणार नाही. मी रागात आहे, आणि का रागात आहे ते सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत माझा जन्म झाला. एक गोल कडे, त्यावर ताणून बसवलेले बोकडाचे कातडे, वाजवायला एक जाड टिपरू आणि एक बारीक काडी, एवढाच माझा संसार. कातडे गारठले की माझा आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी मला जाळावर शेकावे लागते. मला बांधले धोंडीबाने. तेव्हा तो ऐन विशीतला होता, अंगाने काटक आणि हात असा तयार की बघणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे.

गावात मी कशाकशाला वाजले ते विचारू नका. वरातीपुढे वाजले, बैलांच्या मिरवणुकीपुढे वाजले, मढ्यापुढे वाजले. पाटलाचा सांगावा आला की धोंडीबाने हातातला घास टाकून उठायचे. माझ्या तालावर सारा गाव नाचायचा, आणि नाचून दमला की आम्हाला लांब बसवायचा. एका लग्नात धोंडीबाचा नऊ वर्षांचा मुलगा रवींद्र बापाबरोबर दोन कोस चालत आला होता. नवरदेवाच्या काकाने त्याला लाडू दिला, पण शिवाशिव नको म्हणून वरून टाकला. लाडू मातीत पडून फुटला. पोराने तो उचलला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून रवींद्रवर रागावताना माझी जीभ थोडी अडखळते. थोडीच.

पुढच्या वर्षी धोंडीबाने बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या पाळकांनी त्याला सांगितले की हलगी ही जुन्या जन्माची वस्तू, ती टाकून दे. माणूस भला होता, पण माझ्याबद्दल त्याला काय ठाऊक? धोंडीबाने मान डोलावली आणि मला ज्वारीच्या पोत्यात लपवले. गावाला मात्र त्याने स्पष्ट सांगितले, यापुढे सांगाव्यावर वाजवणार नाही. गावाने त्याचे काम तोडले, पाणी तोडले. मग तो, बायको शेवंती, रवींद्र आणि पोत्यातली मी, असे आम्ही मुंबईजवळच्या दिवा गावी आलो.

दिव्यात पाण्याची बोंब होतीच. बाया टँकरच्या रांगेत हंडे लावायच्या आणि रविवारच्या उपासनेला धोंडीबाच्या खोलीत यायच्या. आठ घरची माणसे त्या दहा बाय दहात बसायची. पहिल्याच रविवारी धोंडीबाने मला पोत्यातून काढले, स्टोव्हवर शेकले आणि वाजवले. मित्रांनो, त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बोलावले नव्हते. कुणाची वरात नव्हती, कुणाचे मढे नव्हते. धोंडीबा डोळे मिटून गात होता, रडत होता, नाचत होता. शेवंतीचा पदर खांद्यावर आला तरी तिला भान नव्हते. सुराच्या नावाने आनंदच होता, पण जीव राखून कुणी गात नव्हते. देवापुढे उरलेसुरले ठेवायचे नसते, हे त्या माणसांना कुणी शिकवावे लागले नाही. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे म्हणाल तर तीच.

रवींद्र शिकला, मोठ्या हुद्द्यावर गेला, डोंबिवलीत फ्लॅट घेतला. शेवंती वारल्यावर धोंडीबा त्याच्याकडे राहायला आला. मीही आले आणि माळ्यावर गेले.

डोंबिवलीतली ख्रिस्ती मंडळी एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेला जमते. तिथे प्रत्येकाला छापील कागद मिळतो. कधी उठायचे, कधी बसायचे, सगळे त्यावर लिहिलेले असते. दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी ही माणसे हळू आवाजात गातात. टाळ्या वाजवल्याच तर दोन बोटांनी. धोंडीबा चुकून मोठ्याने गाऊ लागला की पुढच्या ओळीतल्या माना मागे वळत. रवींद्र या मंडळीचा सेक्रेटरी. तो बापाच्या गुडघ्यावर हळूच हात ठेवी, आणि बाप आवाज खाली घेई. धोंडीबा घरी येऊन हे सगळे माळ्याकडे तोंड करून मला सांगायचा, आणि माझे कातडे गार असूनही माझी तळपायाची आग मस्तकाला जायची. मला तळपाय नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मग तीन वर्षांपूर्वीचा नाताळ आला. रवींद्रच्या मुलीने, ऐश्वर्याने, कार्यक्रमात लोकनृत्य बसवले आणि आजोबांकडून मला मागून नेले. नऊवारी नेसून पोरगी स्टेजवर अशी नाचली की सारा हॉल उभा राहिला. मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका पंचांनी माइक घेऊन भाषण ठोकले की लोककला जपली पाहिजे, आपली मुळे विसरता कामा नयेत. धोंडीबा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होता. त्याला वाटले, आता परवानगी मिळाली. मलाही तसेच वाटले. आम्ही दोघेही खुळे.

पुढच्याच रविवारी त्याने मला पिशवीत घालून हॉलवर नेले. मागच्या खोलीत चहा करायचा गॅस होता, त्यावर मला मन लावून शेकले. पहिले गीत सुरू झाले आणि धोंडीबाने टिपरू उचलले. किती वर्षांनी! पहिल्या ओळीला मी गरजले, दुसऱ्या ओळीला त्याचे पाय हलले, आणि तेवढ्यात भाषण ठोकणारे तेच पंच रवींद्रच्या कानाला लागले. मंडळीत डॉक्टर येतात, वकील येतात, नवे पाहुणे काय म्हणतील? रवींद्र उठला आणि भर गीतात त्याने बापाचे मनगट धरले.

"आबा, बस करा. लोक बघताहेत. इथं हे शोभत नाही."

धोंडीबा थांबला. त्याला धाप लागली होती.

"गावात पाटील सांगायचा, कवा वाजवायचं अन् कवा थांबायचं," तो म्हणाला. "हितं तू सांगतूस. मग मी सुटलो कुठनं रं?"

 कीबोर्डवाला पुढची ओळ वाजवत राहिला.

त्यानंतर धोंडीबा गुडघे दुखतात म्हणून उपासनेला जायचा थांबला. आणि माझे काय केले, ऐका. रवींद्रने मला फ्रेमवाल्याकडे नेले. त्याने माझ्या कातड्यावर वॉर्निशचे दोन हात मारले, कड्याला लाल गोंडे बांधले आणि मी सोफ्याच्या वर भिंतीवर टांगली गेले. स्टेजवर चालते, भिंतीवर चालते, फक्त देवापुढे चालत नाही! पंच फळे घेऊन धोंडीबाला भेटायला आले, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, किती छान पीस आहे. त्या वेळी मी खिळ्यावरून निसटून त्यांच्या डोक्यात का पडले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

गेल्या महिन्यात एका रविवारी सगळे उपासनेला गेल्यावर धोंडीबा स्टुलावर चढला. पंचाहत्तरीचा माणूस, पण मला खाली उतरवलेच. गॅसवर धरले तर वॉर्निशला फोड आले, घरभर जळका वास सुटला. त्याने टिपरू मारले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. तिसऱ्या की चौथ्या ठोक्याला मी मधोमध फाटले. त्याच्या हाताने नाही, त्या वॉर्निशने. धोंडीबा थांबला नाही. त्याने मला छातीशी धरले, कड्यावर टिपरू वाजवत गायला लागला, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी दिवाणखान्याच्या मधोमध नाचायला लागला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि तोंडभर हसू होते.

बेल वाजत राहिली. बाहेर सोसायटीचे चेअरमन आणि दोन शेजारी उभे होते. तेवढ्यात रवींद्र घरी परतला आणि त्याने किल्लीने दार उघडले. चेअरमनने आत डोकावून पाहिले.

"रवींद्रसाहेब, तुम्ही चांगले लोक म्हणून तुम्हाला इथे येऊ दिलेलं," तो म्हणाला. "हे असल्या लोकांचं बडवणं इथे नको."

असले लोक म्हणजे कसले, ते रवींद्रला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने नाचणाऱ्या बापाकडे पाहिले. फाटलेल्या माझ्याकडे पाहिले. माफी त्याच्या ओठांवर आली होती, ती मला दिसली.

"माझे वडील उपासना करतायत," तो म्हणाला. "अजून तासभर चालेल."

आणि त्याने दार लावून घेतले.

तो काही नाचला नाही. टाय सोडून सोफ्यावर बसला आणि बापाचे गाणे संपेपर्यंत बसून राहिला. आता मी फ्रिजवर पडून आहे. कातडे चढवणारा माणूस शोधायला रवींद्र पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहे. पंचांना त्याने अजून काही सांगितलेले नाही, म्हणून माझा राग गेलेला नाही.

मित्रांनो, घरात एखादे जुने वाद्य असेल तर त्याला वॉर्निश लावू नका, वाजवा. आणि कुणी म्हातारा देवापुढे बेसूर, बेभान होऊन गात असेल, तर त्याचे मनगट धरू नका. तो तुमच्यासाठी गात नाही.