देवमाशाचं लेकरू

सुरभी दिवाळीला मुकुटबनला आली, ती कापसाची वेचणी होईपर्यंत राहिली. एरवी ती रत्नागिरीला देवमाशांच्या अभ्यासाचं काम करायची, पण ते काम इथूनही होई. किनाऱ्यापासून बरंच आत, मच्छीमार जाळी टाकतात तिथं, पाण्याखाली एक माईक सोडलेला होता. त्यातला आवाज थेट तिच्या लॅपटॉपवर यायचा. दुपारी ती वावरातल्या निंबाखाली हेडफोन लावून बसे. डोळ्यांसमोर पांढरं वावर, कानात समुद्र.

"इतका येळ काय ऐकून राह्यली व?" तिच्या आईनं, विमलताईंनी विचारलं. पोटाशी कापसाची ओटी बांधलेल्या त्या घडीभर सावलीत टेकल्या होत्या.

सुरभीनं हेडफोन काढून त्यांच्या कानांवर ठेवला.

विमलताईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. आधी नुसती घूं ऐकू आली, विहिरीत वाकल्यावर येते तशी. मग तिच्यातून एक लांब कण्हणं वर आलं, विरलं, आणि त्याच्यामागून एक बारीकसा आवाज. त्यांनी डोळे मिटले. वाऱ्यानं बोंडं हलत होती. त्यांना वाटलं, आपण मातीवर बसलोच नाही. निंबासकट कुठंतरी खाली, खाली चाललो.

"कोण हाय हे?"

"देवमाशाची मादी. संगं लेकरू असन." सुरभीनं स्क्रीनकडे पाहिलं आणि ताडकन उठली. "आई, हे आत्ताचं हाय. लय जवळ आले ते!"

तिनं जनार्दन तांडेलांना फोन लावला. तिकडच्या मच्छीमारांचे ते पुढारी. देवमासे जवळ आले की जाळी उचलायची, असं त्यांनी कबूल केलं होतं.

"कित्येक दिवसांनी आज बांगडा लागलाय, सुरभी. जाळी आत्ताच टाकलीत. पोरं ऐकायची नाहीत."

सुरभी समजावू लागली. पिल्लू जाळ्यात गुरफटलं तर श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही, गुदमरतं. तांडेल पुन्हा बांगड्याचंच सांगू लागले. विमलताईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

"भाऊ, मी हिची माय बोलून राह्यली, मुकुटबनहून. मीबी आत्ताच ऐकलं जी. ते लेकरू मायच्या मागं मागं बोलून राह्यलं. आजच्या दिवस उचला न जाळे."

फोनमधली इंजिनाची धडधड मंद झाली.

"तुमच्याकडे समुद्र आहे, वहिनी?"

"नाही जी. कापूस हाय."

तांडेल हसले. "बरं. उचलतो."

ऊन उतरलं तेव्हा त्यांचाच फोन आला. शेवटचं जाळं वर येत असताना होड्यांच्या पलीकडे पाण्यातून मोठा फवारा उडाला, आणि त्याला लागून एक इवलासा. जाळी ओढणारी पोरं हात थांबवून बघतच राहिली. दोघं सावकाश खोल पाण्याकडे निघून गेले. "बांगडा मात्र गेला," तांडेल म्हणाले, पण आवाजात राग नव्हता.

सुरभीला हसू येत होतं आणि डोळे भरत होते. विमलताईंनी ओटी सोडली, कापूस गंजीवर ओतला आणि पुन्हा निंबाखाली येऊन बसल्या.

"लाव बरं ते कानाले."

"आता काही नाही, आई. गेले ते. नुसतं पाणी हाय."

"मंग पाणीच आयकव."