उतरलेल्या सेलांचा सूर

घनश्यामच्या गिटारीवर माझा कधीच राग नव्हता. लग्नाआधी तो ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी घासत सिनेमाची गाणी काढायचा. तार लागली की नाही, हे मात्र मलाच विचारायचा. "माय, ऐक बरं, बसली का?" मी चुलीपुढून न उठता सांगायची, "चढव अजून." शाळा मी दुसरीपर्यंतच शिकले, पण हिंगणीच्या भजनी मंडळात बायांमध्ये पहिला आवाज माझा. माझ्या कानाला कोणी नाव ठेवून दाखवावं.

मग रुखमा सून होऊन आली. पिपरी मेघेची, मॅट्रिक पास. त्याच साली, म्हणजे त्र्याऐंशीत, घनश्यामनं कलकत्त्याहून पोस्टानं एक पुस्तक आणि कॅसेट मागवली. गिटारीच्या तारा नेहमीसारख्या न लावता दुसऱ्या तऱ्हेनं कशा लावायच्या, ते त्यात होतं. पुस्तक सगळं इंग्रजी, आणि आमचे चिरंजीव इंग्रजीत दोनदा नापास. म्हणून ती वाचायची, हा खुंट्या पिळायचा.

"डी, जी, डी, जी, बी, डी," रुखमा जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत म्हणत जायची.

मी अंगणातून आवाज दिला, "कोणाले बिडी देऊन राह्यली वं? तुह्या सासऱ्यानं तर जन्मात तोंडाले लावली नाई!"

दोघं हसले. एकमेकांकडे पाहून हसले, तेच मला लागलं.

"माय, तारांची नावं आहेत ते," घनश्याम म्हणाला. "अशा लावल्या का साही तारा एकदम छेडल्या तरी गोड वाजते."

वाजलं गोड, खोटं कशाला बोलू? पण तार बसली का, हे त्यानं कॅसेटला विचारलं, बायकोला विचारलं. मी तिथंच सुपात तांदूळ निवडत होते.

या नव्या तऱ्हेचा सूर मंडळाच्या पेटीशी नेमका जुळायचा. पेटीवाले सदाशिवराव नाक मुरडतच तयार झाले. "नवमीले देवीच्या देवळात एकदा वाजव. नाई जमलं तर ते लाकूड पुन्हा देवळात आणू नको." घनश्यामला आठ दिवस धड जेवण गेलं नाही.

नवमीच्या दुपारी लाइट गेली. तारा लावायला दोघांनी टेपरेकॉर्डर सेलवर लावला. सेल गणपतीपासूनचे. कॅसेटमध्ये एकेका तारेचा सूर देणारा कलकत्त्याचा बाबू एरवी बारीक आवाजात भरभर बोलायचा. त्या दिवशी तोंडात पान कोंबल्यासारखा जाड आणि संथ निघाला. मी तिथल्या तिथं ओळखलं. सेल उतरले म्हणून बाबू उतरला, आणि त्याच्या मागं माझा पोरगा एकेक तार ढिली करून राह्यला.

"अजून थोडी उतरवा," रुखमा म्हणाली.

"बसली?"

"बसली."

माझ्या जिभेवर शब्द आला होता. पण त्यानं मान वळवून एकदासुद्धा माझ्याकडं पाहिलं नाही. विचार म्हटलं आपल्या मास्तरणीला. मी पुरण वाटत राहिले.

संध्याकाळी देऊळ भरलं. पेटीनं सूर दिला, घनश्यामनं तारा छेडल्या, आणि बसलेल्या माणसांनी चिंच चावल्यासारखी तोंडं केली.

"हे भजन होय का रेड्याचं रेकणं?" सदाशिवराव म्हणाले. लोक हसले.

"काऊन जुळत नाई?" घनश्यामनं रुखमाला हळूच विचारलं. "किती चढवू?" कॅसेट घरी. ती बिचारी पुस्तकाची पानं उलटत बसली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्यानं पाहवलं नाही.

"सदाशिवभाऊ, पेटी बंद करा."

"अन् सूर कोणाचा घेता?"

"ह्याचा घेतो. छेड रे."

त्या उतरलेल्या सुरात मी भजन उचललं. दोन वर्षं झाली, वरच्या सुरात माझा गळा फाटत होता. मी कोणाला कळू दिलं नव्हतं. त्या खालच्या पट्टीत तो असा मोकळा चालला की टाळवाले टाळ वाजवायचे थांबले आणि मग दुप्पट जोरानं वाजवू लागले. घनश्यामची कांडी माझ्या मागं-मागं आली, कुठंही घसरली नाही.

भजन संपलं. "आनंदाबाई, आज तर कमाल केली," सदाशिवराव म्हणाले. "गिटार येऊ द्या आता दरसाल."

घनश्यामला जणू कोडं सुटलं, तो फुलून गेला. "तारा रुखमानं लावल्या, भाऊ! मायचा गळा वर फाटते, हे ओळखूनच तिनं मुद्दाम उतरवल्या. नाई का वं?"

माझा गळा फाटतो, हे त्याला ठाऊक होतं! रुखमा गांगरली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आत्याबाईले विचारा."

सगळ्या बाया माझ्याकडं पाहू लागल्या. सेल उतरले होते, एवढं सांगितलं की झालं. पण मग, ते दुपारीच कळलं होतं तर तोंडाला कुलूप का लावलं, हेही सांगावं लागलं असतं. पोटच्या पोरासमोर.

"हो," मी म्हटलं. "तिनंच उतरवल्या. माह्यासाठी."

मंडळातली शकुबाई प्रसाद वाटायला उठली. वीस वर्षं पहिला द्रोण माझ्या हातात यायचा. त्या दिवशी तिनं तो रुखमाला दिला, वरून तिच्या गालावरून हात फिरवला. मी दुसऱ्या द्रोणासाठी हात पुढं केला.