व्हॅन येणार आहे

"मम्मा, दे आर कमिंग टु लूट अस," अनिका म्हणाली आणि पुन्हा कार्टून बघायला लागली.

आश्लेषाच्या हातातला कणकेचा गोळा परातीत पडला. "कोण म्हणालं?"

"फोनवर कुणीतरी आँटी. तू शॉवरमध्ये होतीस. फास्ट मराठी बोलत होती. व्हॅन... लुटायला येतो. टुडे."

एखाद्या सुखी बाईला हसू आलं असतं. आश्लेषाला मात्र ते खरंच वाटलं. तिचा नवरा शंतनू सप्टेंबरात हार्ट अटॅकनं गेला आणि तिचा व्हिसाही गेला, कारण तो त्याच्याच नोकरीला बांधलेला होता. नवा अर्ज केला होता, उत्तर नव्हतं. अर्विंगच्या त्या अपार्टमेंटमध्ये लोक हल्ली दबक्या आवाजात एकच बोलत: इमिग्रेशनवाल्यांची पांढरी व्हॅन येते, दार वाजतं आणि माणूस नाहीसा होतो. अनिका इथं जन्मलेली, अमेरिकन नागरिक, तिला कोण काय करणार? पण आईला नेलं तर आठ वर्षांची पोर कुणाच्या गळ्यात पडणार? या एका विचारानं तिची झोप उडाली होती.

त्यात हीटर बंद पडलेला. भाडं थकलं होतं, तेव्हा मालकाला फोन करायचा कुठल्या तोंडानं? बाहेर टेक्सासला न शोभणारी थंडी होती. तिनं खिडक्यांच्या फटी टेपनं बुजवल्या होत्या आणि सकाळपासून गॅसचा ओव्हन पेटवून त्याचं दार सताड उघडं ठेवलं होतं. पोरीच्या गालांवर रंग आला, तेवढं तिला पुरे होतं.

तिनं फोन आणि टीव्ही बंद केला, दिवे घालवले. तासाभरानं पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर खाली खरंच एक पांढरी व्हॅन येऊन थांबत होती.

अनिकाला ओढत ती कपड्यांच्या कपाटात शिरली. शंतनूचे कोट अजून तिथंच टांगलेले होते. जिन्यावर पावलं वाजली आणि दारावर थाप पडली.

"मम्मा, माझं डोकं दुखतंय."

"शू! एक शब्द नाही."

तिचंही डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. घाबरलं की असं होतं तिला, त्यामुळे तिनं दुसरा विचारच केला नाही. परत थाप पडली. मग बाईचा आवाज आला, चांगला खणखणीत, "आश्लेषा! अगं, मी विनीता काकू, मंडळातली! सकाळी फोन केला होता ना? वाण लुटायला आलोय!"

वाण. व्हॅन नव्हे, वाण!

संक्रांतीचा आठवडा होता. यंदा आपल्याला हळदीकुंकवाला कोण बोलावतंय, म्हणून तिनं सणच मनातून काढून टाकला होता. अनिकाला "इथंच थांब" म्हणून ती भिंत धरत दारापर्यंत गेली आणि साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"काकू, तुम्ही चुकून आलात. शंतनू गेला. मला नका देऊ वाण."

"ठाऊक आहे, म्हणूनच आले. माझे संजीव जाऊन सहा वर्षं झाली. मी वाण लुटतेय ना? काढ ती साखळी, गारठले मी."

आश्लेषानं साखळी काढली. काकूंच्या मागोमाग देवांग नावाचा एक मुलगा खोकी घेऊन आत आला. देशभरातल्या मराठी मंडळांनी मिळून 'सोबत निधी' काढला होता. अडलेल्या घराचं भाडं, वकील, हीटर, जे लागेल ते तो बघायचा. "मदत म्हटलं की आपली माणसं दार लावून घेतात," काकू म्हणाल्या. "म्हणून आम्ही वाण म्हणतो. तुला वकील देतोय, मालकाशीही मीच बोलते."

आश्लेषाला रडू फुटलं. देवांगनं तेवढ्यात तिळगुळाचा डबा आणि रूम हीटर खाली ठेवला, एका छोट्या पांढऱ्या डबीत बॅटरी घातली आणि ती ओट्यावर ठेवली. "हा अलार्म सगळ्यांना देतो आम्ही," तो म्हणाला. "गेल्या थंडीत एका घरात..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत डबी किंचाळायला लागली.

काकूंची नजर उघड्या ओव्हनवर गेली, तिथून टेप लावलेल्या खिडक्यांवर. "कार्बन मोनॉक्साइड! वास न येणारा विषारी गॅस! देवांग, ओव्हन बंद कर. मुलगी कुठंय?"

आश्लेषा कपाटाकडे धावली. अनिका बापाच्या कोटांखाली मान टाकून बसली होती.

"अनिका!"

तिनं डोळे उघडले नाहीत. गालांवर रंग तसाच होता, लालबुंद. तो उबेचा रंग नव्हता, हे आता आश्लेषाला कळलं. देवांगनं पोरीला उचललं आणि जिना उतरून थेट मंडळाच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये नेऊन ठेवलं. काकूंनी व्हॅनची सगळी दारं उघडली, अँब्युलन्सला फोन लावला. थंड वारा तोंडावर बसला तशी अनिका कण्हली, ओकली आणि डोळे किलकिले करून म्हणाली, "मम्मा... व्हॅन?"

"हो गं बाळा. व्हॅन."

सायरन जवळ येऊन थांबला. गणवेशातली माणसं गाडीतून उतरली. ती कोण, कागद विचारतील का, आपल्याला नेतील का, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. तरी ती रस्त्यात उतरली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "हिअर! वी आर हिअर!"