सांडगे उचलून घे

धूर गाळणारं यंत्र बंद करण्याआधी शिशिर न चुकता आईला फोन करायचा, "आई, गच्चीवरचे सांडगे उचलून घे."

लोखंडाच्या कारखान्यात ते यंत्र त्याच्याच हाताखाली होतं. वीज वाचवायला सेठ सांगेल तेव्हा ते बंद करायचं आणि कागदावर मात्र 'चालू' लिहून सही ठोकायची, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. मग तासा-दोन तासांत काळी भुकटी तो राहायचा त्या ब्राह्मणपाऱ्यातल्या गच्च्यांवर उतरायची. आईच्या सांडग्यांवर कधी कण पडला नाही. सुनीतीबाईंना वाटायचं, आपल्या लेकाला वारा कळतो. त्यांनी परात उचलली की शेजारणीही वाळवण काढायला धावत.

आज सेठनं भर दुपारीच फर्मावलं. शिशिरनं घरी फोन लावला, कोणी उचलेना. सेठ ओरडला तसं त्यानं यंत्राचं बटण बंद केलं. पुन्हा फोन लावला, पुन्हा. पाचव्यांदा आई बोलली.

"काहून घाबरून राहिला रे? वारा फिरला तशी मीच गेली वर. सांडगे, कपडे, शेजारच्या दीदीचे पापड, सगळं खाली आणलं."

शिशिरचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फोनमध्ये लांबून, वरून, लेकीचा तो ओळखीचा, कोरडा खोकला ऐकू आला.

"ओवी कुठं आहे?"

"गच्चीवर खेळून राहिली."

"तिले खाली का नाही आणलं?"

"तिले?" आईला नवल वाटलं. "तू तं नेहमी सांडग्यांचंच सांगतो."